मन खचले असेल तर दुसऱ्यासाठी काही निवडा

कापसाच्या मुलखात कापडाचा धंदा करणाऱ्याला वर्षाचे दोन भाग चांगले ठाऊक असतात. दसरा-दिवाळीपासून कापूस घरात येऊ लागतो, शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळतो आणि लग्नसराई संपेपर्यंत आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. मृग लागला की तोच पैसा बी-बियाणे आणि खतात जातो. मग पोळ्यापर्यंत हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, वर्ध्याच्या कुठल्याही बाजारात फिरा. कापड दुकानदार गादीवर बसून रस्त्याकडे पाहत असतो. शेजारी शिंप्याचे मशीन झाकलेले असते. पिंजाऱ्याच्या दुकानात तर गेल्या कित्येक वर्षांत बारमाही पावसाळाच आहे, कारण तयार गाद्या गावागावांत पोचल्या आहेत.

उर्दूत ‘दिल बैठ जाना’ असा शब्दप्रयोग आहे. मराठीत आपण मन खचले म्हणतो. रिकाम्या गादीवर बसलेल्या माणसाचे दिलही हळूहळू बसत जाते, हे प्रत्येक व्यापाऱ्याला कळते, पण कोणी बोलत नाही. धंद्यातली मंदी चारचौघांत सांगता येते. मनातली मंदी सांगितली तर बाजारात पत जाईल, उद्या ठोकवाला माल देणार नाही, अशी धास्ती असते. म्हणून दुकानदार ‘सब खैरियत’ म्हणतो आणि घरी जाऊन बायकोमुलांवर चिडतो.

हे साधे दुखणे नाही. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात आपला वर्धा जिल्हा होता. शेतकऱ्याच्या मनाची चर्चा तेव्हापासून होत आली आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच शेतकऱ्याला उधारीवर कापड देणारा दुकानदार, त्याच्या मुलाचा सदरा शिवणारा शिंपी, त्याची गादी भरणारा पिंजारी यांच्या मनाची विचारपूस क्वचितच होते. २०१६ ची नोटबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, आणि आता मोबाईलवरून घरपोच येणारे कपडे. एकामागून एक धक्के बसले. ज्यांनी धंदा टिकवला त्यांनीही मन टिकवले असेल असे नाही.

व्यापार पानावर मनाच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे कारण आपल्या धंद्यातच आहे. आपण कापड विकतो, पण खरे तर आपले काम दुसऱ्यासाठी निवड करण्याचे असते. बाई दुकानात येऊन म्हणते, आईसाठी लुगडे दाखवा. आपण लगेच विचारतो, आईचे वय काय, घरात नेसायचे की बाहेर, नऊवारी की पाचवारी, सुती सोसते की जड होते? त्या आईला आपण कधी पाहिलेले नसते. तरी चार प्रश्नांत ती डोळ्यांसमोर उभी राहते आणि मांडणीतून नेमके लुगडे निघते. गिऱ्हाईक समाधानाने गेले की नफ्यापलीकडचे एक सुख मिळते, ते प्रत्येक जुन्या दुकानदाराने चाखलेले आहे. शिंप्याचे तसेच, सुताराचे तसेच. समोरच्याचे अंग, हात, घर बघून वस्तू घडवायची, हा आपला हुन्नर.

मंदीत गिऱ्हाईक येत नाही, म्हणून या हुन्नराला काम राहत नाही. जी नजर दिवसभर दुसऱ्याची गरज शोधायची, ती मग उधारीच्या वहीवर आणि स्वतःच्या नशिबावर खिळून बसते. माझे सांगणे एवढेच आहे की ती नजर पुन्हा कामाला लावा. विक्री नसेल तर विक्रीवाचून लावा. आपल्या माहितीतला एक माणूस मनात धरा आणि त्याच्यासाठी एक साधी, स्वस्त, पण त्याच्या उपयोगाची वस्तू निवडा. ती त्याला नेऊन द्या. मनावरचा भार त्या दिवसापुरता तरी हलका होतो.

याला आधार काय? आधी दीनचा आधार बघू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकमेकांना हदिया देत जा, त्याने आपसात मोहब्बत वाढते, असे शिकवले. आणि हदिया किती मोठा असावा? शेजारणीने शेजारणीसाठी पाठवलेली वस्तू बकरीच्या खुराएवढी क्षुल्लक असली तरी तिला कमी लेखू नये, असे फर्मावले. बुखारी शरीफमध्ये ह. आयेशा (रजि.) यांचीही एक रीत आलेली आहे. त्यांच्या नात्यात कोणाचा इंतकाल झाला आणि जमलेल्या बायका आपापल्या घरी परतल्या, की त्या मागे राहिलेल्या घरच्या व जवळच्या बायकांसाठी तलबीना, म्हणजे जवाची पातळ खीर, शिजवायला लावीत. त्याने आजाऱ्याच्या दिलाला आराम पडतो आणि काही दुःख हलके होते, असे त्या सांगत. विचार करा, मौत त्यांच्याच नात्यात झालेली आहे, दुःख त्यांनाही आहे, आणि चूल मात्र इतरांसाठी पेटते आहे. वस्तू म्हणाल तर मूठभर जव.

आता आजच्या संशोधनाचा आधार. कॅनडातील एलिझाबेथ डन आणि लारा अकनिन व अमेरिकेतील मायकेल नॉर्टन यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ जणांना सकाळी एकेक पाकीट दिले. काहींच्या पाकिटात पाच डॉलर, काहींच्या वीस. निम्म्यांना सांगितले, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. उरलेल्यांना सांगितले, कोणाला भेट घेऊन द्या किंवा दान करा. संध्याकाळी विचारपूस केली तेव्हा दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खुशीत आढळले. पाच डॉलर दिले की वीस, याने फरक पडला नाही. गंमत अशी की इतर लोकांना आधी अंदाज विचारला, तेव्हा बहुतेकांनी स्वतःवर खर्च करणारा आणि वीस डॉलरवाला जास्त खुश असेल असेच सांगितले होते. म्हणजे आपल्या खुशीचा हिशेब आपल्यालाच नीट जमत नाही.

हे श्रीमंत देशातले झाले, असे वाटेल. त्याच संशोधकांनी पुढे इतरांना सोबत घेऊन १३६ देशांची माहिती तपासली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या १२० देशांत, श्रीमंत आणि गरीब दोन्हींत, दुसऱ्यासाठी देणारे लोक जास्त समाधानी आढळले. यात चमत्कार काही नाही. त्या पाकिटवाल्यांचे दिवस पालटले नाहीत, त्यांची एक संध्याकाळ बरी गेली. पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या देण्याने कोणाचे काय भले झाले हे ज्याला डोळ्यांनी दिसते, त्याला समाधान जास्त मिळते. म्हणून वस्तू नेमक्या माणसासाठी निवडा आणि शक्यतो हातोहात द्या, हा माझा आग्रह आहे.

या बाबतीत वर्ध्याच्या मातीतलेच एक मोठे उदाहरण आहे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. चरख्यावरच्या सुताला त्यांनी या जिल्ह्यात जी इज्जत दिली ती आजही आहे. सेवाग्रामात पाहुण्याचे स्वागत सुताच्या माळेने होते आणि वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादी व ग्रामोद्योगाचा वारसा १९३८ पासून जपला आहे. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले, ते परत कधी आले नाहीत. पुढचे वर्ष फाळणीचे. देशभर कत्तली चालल्या होत्या. २ ऑक्टोबर १९४७ ला, आपल्या वाढदिवशी, १२५ वर्षे जगण्याची आपली इच्छा आता उरली नाही, असे ते बोलले. इतके ते दुःखी होते.

त्याच दिवसांत इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचे लग्न ठरले होते. लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झाले. राजकन्येला भेट पाठवावी असे गांधीजींच्या मनात होते, पण जवळ मालमत्ता काहीच नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे जाळीदार कापड विणून घेण्यात आले, त्यात ‘जय हिंद’ ही अक्षरे होती, आणि ते लंडनला गेले. राजकन्येला अडीच हजारांहून जास्त भेटी आल्या, त्यांत हिरे-माणके होती. तिची आजी राणी मेरी हिला हे कापड गांधीजींचा पंचा वाटला आणि ती रागावली, असे सांगतात. पण ते कापड इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आजवर जपलेले आहे.

ते सूत कातून गांधीजींचे दुःख कमी झाले, असा दावा मी करणार नाही. दिल्लीच्या त्या दिवसांत ते कमी होण्यासारखे नव्हतेच. मी कापडवाल्याच्या नजरेने एवढेच पाहतो की, जगण्याची इच्छा उरली नाही म्हणणाऱ्या माणसाला दूरदेशीच्या एका नवरीची आठवण होती, आणि ज्या राज्याशी उभा जन्म भांडण झाले त्याच राजाची ती मुलगी होती. हातात जे होते ते त्यांनी दिले. सूत होते, सूत दिले. बाजारात जाऊन खरेदी करण्याची ऐपत नाही, ही सबब त्यांना पुढे करता आली असती.

आपल्यातला पहिला सवाल नेमका हाच असतो. खिशात नाही तेव्हा भेट कसली? व्यापारी बंधूंनो, भेट म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आहेर येतो, म्हणून हा सवाल पडतो. आहेर ही वेगळी चीज आहे. लग्नात एका कोपऱ्यात वही घेऊन माणूस बसतो, कोणी किती दिले ते लिहितो, आणि आपल्या घरच्या लग्नात तो आकडा वाढवून परत येण्याची वाट पाहिली जाते. ते एक प्रकारचे कर्जच. ‘कृपया आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापण्याची वेळ मराठी समाजावर आली ती यामुळेच. आमच्या लोकांत दहेज, मंगनीचे जोडे, ईदीला सासरी पाठवायचे सामान यांचे ओझे काही कमी नाही. कापडवाल्याने हे बोलू नये, कारण त्याचा धंदा यावरच चालतो, असे म्हणतील. पण या जड देण्या-घेण्यात बुडालेली घरे आम्हीच उधारीच्या वहीत बघत असतो. तिथे देणाऱ्याचे मन हलके होत नाही, त्याची झोप उडते. मोठी भेट घेणाऱ्यावरही बोजा टाकते, परतफेड कशी करू या विचाराने तो तुम्हाला टाळू लागतो. लहान भेटीत ही भानगड नाही. ती परत करावी लागत नाही आणि तिचा हिशेबही कोणी ठेवत नाही.

मग काय द्यावे? ज्याचा जो धंदा, त्यातून निघेल ते. कापडवाल्याकडे थानाच्या शेवटी मीटर-अर्धा मीटर तुकडा राहतो. त्यात लहान बाळाचे झबले होते, म्हाताऱ्याचा मफलर होतो, वर्तमानपत्र टाकणाऱ्या पोरासाठी पाठीला लावायची थैली होते. शिंप्याला त्यासाठी धागा आणि अर्धा तास लागतो. सुताराकडे सागाचा तुकडा उरतो, त्याचे लाटणे होते. आमच्या ओळखीतल्या एका पिंजाऱ्याने गेल्या पावसाळ्यात, हाताला काम नव्हते तेव्हा, उरलेल्या रुईतून एक लहान पातळ उशी केली. गल्लीतल्या एका वृद्ध मास्तरांची मान दुखायची, जाड उशी त्यांना चालत नव्हती. उशीची किंमत काढली तर चहा-नाश्त्याएवढी. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन झोप कशी लागली ते सांगितले आणि तासभर बसून राहिले. पिंजाऱ्याच्या दुकानात कितीतरी दिवसांनी माणूस बसला होता.

ज्याच्या धंद्यातून काही निघत नाही त्याने वर्ध्याच्या गोरसपाकाचा एक पुडा घ्यावा. वर्धेकर पाहुणा म्हणून जाताना गोरसपाक नेतो, ही रीत आहेच. तोच पुडा एखाद्या दिवशी आपल्या हमालाच्या घरी, नाहीतर शेजारच्या बंद पडत आलेल्या दुकानाच्या मालकाकडे न्यावा. किंवा घरी शेवया केल्या असतील तर ईदची वाट न पाहता एक वाटी शेजारी द्यावी.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील.

पहिले, न खपलेला माल भेट म्हणून खपवू नका. रंग उडालेला, उंदराने कातरलेला, फॅशन गेलेला तागा काढून टाकायचा असेल तर तो स्वस्तात विका, पण त्याला हदिया म्हणू नका. घेणाऱ्याला ते कळते. आधी माणूस मनात धरायचा, मग वस्तू शोधायची. वस्तू आधी हातात घेऊन माणूस शोधू लागलात की ती अडगळ काढणे झाली.

दुसरे, भेटीवर दुकानाचे नाव छापू नका. कॅलेंडर, थैली, डायरी या जाहिरातीच्या गोष्टी आहेत. त्या जरूर द्या, धंद्याला लागतात. पण त्याने मनाला उभारी येत नाही, कारण त्यात नजर पुन्हा आपल्याच फायद्यावर राहते.

तिसरे, ज्याची उधारी थकली आहे त्याला भेट देताना जपून. त्याला तो गोड तगादा वाटतो. अशा माणसासाठी काही करायचे असेल तर त्याच्या मुलाच्या हाती सहज द्या आणि महिनाभर वहीचा विषय काढू नका. ते जमणार नसेल तर दुसरा माणूस निवडा.

चौथे, जकात आणि हदिया यांची गल्लत नको. जकात हे हकदाराचे देणे आहे, त्याचे नियम वेगळे आहेत, ते हिशेबाने द्यायचे. हदिया बरोबरीच्या माणसालाही देतात, आपल्याहून श्रीमंतालाही देतात. तो देताना हात वर आणि खाली असा फरक राहत नाही.

पाचवे पथ्य धंद्याच्या वहीचे. दुकानाच्या मालातून भेट दिली तर त्या मालावर भरलेल्या जीएसटीची वजावट घेता येत नाही, कायद्याच्या कलम १७(५) मध्ये तसे स्पष्ट आहे. म्हणून घरच्या खर्चातून पैसे गल्ल्यात टाका, रीतसर बिल फाडा आणि वस्तू न्या. हिशेब साफ राहिला की दिलही साफ राहते.

शेवटी एक गोष्ट ठासून सांगतो. भेट देणे हे उदास मनाला टेकू आहे, आजारावरची दवा नाही. दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणे नको असे विचार येत असतील, तर तो आजार आहे. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो, तसेच इथेही जावे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा सुरू केली आहे, १४४१६ या क्रमांकावर फोन केला की बोलता येते. त्यात शरम कसली? आणि बाजारातला आपला एखादा भाऊ असा खचलेला दिसला तर त्याला उपदेश करत बसू नका. त्याच्याबरोबर दवाखान्यात जाऊन रांगेत बसा.

२०२० साली ईद २५ मे रोजी आली तेव्हा टाळेबंदी होती. कापडाची दुकाने बंद, वर्षाची मोठी कमाई बुडालेली. त्या वर्षी ईदची खरेदी करू नका, तो पैसा गरजूला द्या, अशी आवाहने ठिकठिकाणी झाली. आम्हा कापडवाल्यांना ती ऐकताना बरे वाटले असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्याच महिन्यात कित्येक दुकानदारांनी आणि कारागिरांनी रेशनच्या पिशव्या भरल्या, शिंप्यांनी कपड्यांऐवजी मास्क शिवून वाटले. धंदा त्यांचाही बंदच होता. हाताला दुसऱ्यासाठी काम मिळाले, एवढाच फरक.

दुकान रिकामे असलेल्या एखाद्या दुपारी वही मिटवा. ओळखीच्या दहा माणसांची नावे मनात आणा आणि त्यांतल्या एकाचे हात, पाय, घर, अडचण डोळ्यांसमोर आणा, जशी गिऱ्हाईकाची आणता. मग मांडणीकडे पाहा. त्याच्यासाठी त्यात काय आहे, हे तुमच्याइतके चांगले कोणाला सांगता येणार?